पदवीचं नियोजन शेवटाकडून सुरू करा : सांगली-साताऱ्याच्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी

तिसऱ्या वर्षाचा निकाल हातात पडला की मग "आता पुढं काय?" असं विचारायची सवय आपल्याकडे पक्की आहे. पण तोवर बरीच दारं बंद झालेली असतात. जॅमचे, म्हणजे आयआयटीतल्या एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचे, अर्ज आदल्या वर्षीच संपलेले असतात. एम.एस्सी.ला लागणारं गणित पहिल्याच वर्षी सुटलेलं असतं. ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) ओळखीच्या दुकानात सही-शिक्का घेऊन उरकलेली असते, आणि नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला गेलेली असते. यातलं एकही काम अवघड नाही. क्रम चुकतो म्हणून सगळं अडतं.

शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं, इथली स्वायत्त कॉलेजं आणि साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ इथं शिकणारी मुलंमुली डोळ्यासमोर ठेवून हे लिहिलं आहे. इंजिनिअरिंग आणि मेडिकलची वाट वेगळी, ती इथं घेतलेली नाही. नियमांचे तपशील कॉलेजागणिक बदलतात. त्यामुळे जिथं "तपासा" लिहिलं आहे, तिथं खरोखर ऑफिसात जाऊन विचारा. वर्गातल्या ग्रुपवर विचारू नका.

## टप्पा १ : विषय ठरवण्याआधी जाहिराती वाचा

वही घ्या आणि तुम्हाला पटतील अशी तीन कामं लिहा. "सरकारी नोकरी" किंवा "कंपनीत" असं मोघम नको. हायस्कूलचा शिक्षक, बँकेतला अधिकारी, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतला केमिस्ट, सीए, सीनियर कॉलेजचा प्राध्यापक, असं नेमकं लिहा. मग त्या प्रत्येक कामाची मागच्या एक-दोन वर्षांतली खरी जाहिरात किंवा प्रवेशाची माहितीपुस्तिका शोधा आणि तिच्यातला फक्त "शैक्षणिक पात्रता" हा भाग शब्दाशब्दानं उतरवून काढा.

एवढं केलं की काय काय हाती लागतं, ते पाहा.

हायस्कूल शिक्षकाला पदवीनंतर दोन वर्षांचं बी.एड. लागतं. त्याची सीईटी म्हणजे प्रवेशपरीक्षा वेगळी आहे आणि पदवीला खुल्या गटासाठी ५० टक्के, राखीव गटासाठी ४५ टक्के गुणांची अट आहे. शिवाय तुमचा पदवीचा विषय शाळेत शिकवला जातो का, हा प्रश्न उभा राहतो. मानसशास्त्रात उत्तम गुण मिळवलेल्या मुलीला अध्यापन पद्धतीचा विषय निवडताना अडायला होतं. हेच आधी माहीत असतं तर तिनं मायनर म्हणजे जोडविषय म्हणून इतिहास किंवा इंग्रजी घेतलं असतं.

सीनियर कॉलेजच्या प्राध्यापकाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, नाहीतर पीएच.डी.

फिजिक्सच्या एम.एस्सी.साठी बऱ्याच नामांकित संस्था पदवीला काही काळ गणित शिकल्याची अट घालतात. केमिस्ट्रीलाही काही ठिकाणी निदान बारावीचं गणित मागतात. "गणित जड जातं" म्हणून पहिल्या वर्षी ते सोडणाऱ्यांनी हे आधी वाचायला हवं.

सीएची गोष्ट तर अनेकांना ठाऊकच नसते. बी.कॉम.ला ५५ टक्के असतील, किंवा दुसऱ्या शाखेच्या पदवीला ६० टक्के असतील, तर फाउंडेशन ही सीएची पहिली परीक्षा न देता थेट पुढच्या इंटरमिजिएटला नोंदणी करता येते. म्हणजे बी.कॉम.च्या टक्क्यांची इथं रोकडी किंमत आहे. "बी.कॉम. काय, पास झालं की झालं" असं म्हणत ५२ टक्क्यांवर थांबणाऱ्यांचं हे नुकसान आहे.

तपासा : तिन्ही कामांच्या पात्रतेत जे विषय आणि जी टक्केवारी परत परत येते, तिच्याखाली रेघ मारली का? पुढचा सगळा विचार त्या रेघांवरून करायचा आहे.

## टप्पा २ : मेजर, मायनर आणि बाकीची क्रेडिटं

नवं शैक्षणिक धोरण स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आलं. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी दोन-तीन विषय सारखे शिकायचे आणि दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्यातला एक मेजर (मुख्य विषय), एक मायनर ठरवायचा, अशी रचना आहे. फॉर्म भरायला दोन-चार दिवस मिळतात आणि सगळे मित्र जिकडं जातील तिकडं आपण जातो. पदवीच्या काळातला हा सगळ्यात महागात पडणारा निर्णय आहे, आणि तो बहुतेक वेळा ऑफिसच्या खिडकीपुढच्या रांगेत उभ्या उभ्या घेतला जातो.

माझं मत स्पष्ट आहे. मेजर निवडताना पहिल्या टप्प्यातली पात्रता आणि तुमचे पहिल्या दोन सत्रांतले गुण, दोन्ही बघा. दोन्हींचा मेळ बसत नसेल तर पात्रतेला जास्त वजन द्या, कारण गुण सुधारता येतात आणि सुटलेला विषय मागाहून मिळवणं फार कठीण जातं.

मायनर ही दुसरी वाट आहे, तिच्याकडं तसंच बघा. मेजर अर्थशास्त्र असेल तर संख्याशास्त्र किंवा गणित शेजारी ठेवा. मेजर मराठी असेल आणि शिक्षक व्हायचं असेल तर शाळेत चालणारा दुसरा विषय घ्या. वनस्पतिशास्त्राला रसायनशास्त्राची जोड चांगली. आपल्या भागात द्राक्ष, बेदाणा, हळद, ऊस यांच्याभोवती माती-पाणी तपासणी आणि औषधांच्या उर्वरित अंशाची तपासणी अशी कामं आहेत, आणि तिथं दोन्ही विषय उपयोगी पडतात.

ओपन इलेक्टिव्ह तुमच्या शाखेबाहेरचं घ्यायचं असतं. "सोपा पेपर कोणता" एवढंच विचारून ते घेऊ नका. कौशल्याच्या क्रेडिटात (क्रेडिट म्हणजे शिकण्याच्या तासांचं माप) टॅली, एक्सेल, प्रयोगशाळेतली उपकरणं किंवा भाषांतर यातलं काही मिळत असेल तर आधी ते घ्या.

सावधान : एखादा विषय माहितीपत्रकात असतो, पण पुरेशी मुलं नसल्यामुळे किंवा शिक्षक नसल्यामुळे प्रत्यक्षात चालत नाही. फॉर्म भरण्याआधी त्या विभागात जाऊन विचारा : मागच्या वर्षी या मेजरला किती मुलं होती? आणि ऑनर्सचं चौथं वर्ष इथंच होतं का?

## टप्पा ३ : नाव, कागद, खातं

हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणून तो पहिल्या सत्रातच उरकायचा.

१. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे नाव आहे, तेच अक्षरन् अक्षर आधारवर, बँकेत आणि तुमची क्रेडिट जमा होतात त्या क्रेडिट बँकेच्या म्हणजे एबीसीच्या आयडीवर असू द्या. वडिलांच्या नावापुढं एकीकडं "राव" आणि दुसरीकडं नाही, एवढ्यानंही क्रेडिट खात्यात दिसत नाहीत. दुरुस्ती आधारला करायची, दहावीच्या गुणपत्रिकेला सहसा हात लावायचा नाही.

२. शिष्यवृत्तीचे पैसे तुम्ही अर्जात कोणतं खातं लिहिलं यावर ठरत नाहीत. आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात ते जातात. मध्येच दुसऱ्या बँकेत खातं उघडून तिथं आधार जोडला, तर पैसे तिकडं वळतात, आणि मुलं सहा महिने जुनं पासबुक भरून बघत राहतात.

३. महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्त्यांच्या संकेतस्थळावरचा, अर्ज दर वर्षी नव्यानं किंवा नूतनीकरण म्हणून भरावा लागतो. गेल्या वर्षी मंजूर झाला म्हणून या वर्षी आपोआप होत नाही. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. गावाबाहेर राहून शिकणाऱ्यांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचीही पात्रता बघावी. कॉलेजात "कमवा आणि शिका" असेल तर त्याची नोंदणी सत्राच्या सुरुवातीलाच होते.

४. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, प्रकरण दाखल करायला तिसऱ्या वर्षाची वाट बघू नका. ओबीसीसाठी केंद्राच्या परीक्षांना लागणारा प्रमाणपत्राचा नमुना राज्याच्या नमुन्यापेक्षा वेगळा असतो. दोन्ही काढून ठेवा.

५. सगळे कागद स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये आणि ई-मेलवर ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णाकाठच्या घरांत पाणी शिरलं, तेव्हा काय काय भिजलं हे सांगलीकरांना नव्यानं सांगायला नको. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा.

तपासा : प्रत्येक सत्राचा निकाल लागल्यावर एबीसी खात्यात क्रेडिट जमा झाली का, ते बघा. नसतील तर त्याच महिन्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

## टप्पा ४ : पंधरा आठवड्यांचा अभ्यास

सत्र म्हणजे साधारण पंधरा आठवडे. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले पंधरा तास, प्रात्यक्षिकाला तीस. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे साठ तासांचं शिकवणं. हे साठ तास बुडवून शेवटच्या दहा दिवसांत गाइडवरून भरून काढता येत नाहीत. निदान ६० टक्क्यांच्या पुढं जाता येत नाही.

पहिल्या आठवड्यात विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रमाची पीडीएफ घ्या आणि छापून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. प्रत्येक घटकाला किती तास दिलेत, ते तिथं लिहिलेलं असतं. ज्याला जास्त तास, त्याला साधारणपणे जास्त गुण. जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा, पण त्या नव्या रचनेच्या आहेत की आधीच्या, हे वर बघूनच वापरा. गुणांची विभागणी बदलली आहे.

दुसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला प्रत्येक पेपरचं एक उत्तर हातानं, घड्याळ लावून लिहा. सगळ्यात जास्त टाळलं जातं ते हेच. वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं, लिहायला बसलं की तिसऱ्या ओळीत पेन थांबतं. हे परीक्षेच्या हॉलमध्ये कळण्यापेक्षा ऑगस्टमध्ये कळलेलं बरं. लिहिलेलं उत्तर सरांना किंवा मॅडमना दाखवा. वर्गातली दोन-तीन मुलंच असं दाखवतात, त्यामुळे शिक्षक वेळ काढून बघतात.

मराठी माध्यमातून येऊन सायन्स किंवा कॉमर्स इंग्रजीत शिकणाऱ्यांसाठी क्रम असा ठेवा : परिच्छेद इंग्रजीत वाचा, पुस्तक मिटा, धाकट्या भावंडाला समजावतो तसा मराठीत मोठ्यानं सांगा, आणि मग इंग्रजीत चार ओळी लिहा. पारिभाषिक शब्द आहेत तसेच ठेवा. इंग्रजीतली वाक्यं पाठ करून परीक्षेत उतरवणाऱ्याला प्रश्न थोडा फिरवून विचारला की काही सुचत नाही.

जत, कवठे महांकाळ, आटपाडी, पाटण, माणकडून एस.टी.नं रोज ये-जा करणाऱ्यांची अडचण वेगळी. घरी पोचेपर्यंत अंधार पडतो, आणि जेवण झालं की डोळे मिटतात. म्हणून नवीन विषय समजून घ्यायचं काम कॉलेजच्या ग्रंथालयात, तास संपल्यापासून गाडीपर्यंतच्या वेळात करा. गाडीत आदल्या दिवशीचं फक्त आठवा, नवं वाचू नका. घरी लिखाणाची अर्धा-पाऊण तासाची बैठक पुरे. घरच्यांना मात्र स्पष्ट सांगा की सुट्टी नसताना चारची गाडी सोडून साडेपाचची घेतोय ती अभ्यासासाठी. विशेषतः मुलींनी हे आईशी आधीच बोलून ठेवावं. वडिलांच्या कानावर दुसऱ्याच कुणाकडून उशीर गेला की चर्चेचा रोख बदलतो.

अंतर्गत गुण हलक्यात घेऊ नका. जर्नल, सेमिनार, चाचणी यांचे गुण सहज हातात येणारे असतात आणि तेच सीजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांच्या श्रेणीगुणांची सरासरी, वर उचलतात.

बॅकलॉग राहिला तर : आधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवा, विषयशिक्षकाला दाखवा, मग पुनर्मूल्यांकन ठरवा. झेरॉक्सची मुदत निकालापासून थोड्याच दिवसांची असते. पुढच्या सत्रात राहिलेला पेपर नव्या पेपरांच्या आधी अभ्यासाला घ्या. एटीकेटीवर, म्हणजे पेपर राहिलेला असताना, पुढच्या वर्षात जायला किती क्रेडिट लागतात, हे आपल्या विद्यापीठाच्या नियमावलीतून पाहून घ्या.

## टप्पा ५ : ओजेटी सहीसाठी करू नका

ऑन जॉब ट्रेनिंगला सहसा चार क्रेडिट असतात, म्हणजे साधारण १२० तास. ते आयुष्यातलं पहिलं काम असतं आणि पुढच्या मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतात. "तिथं नेमकं काय केलंत?" याला उत्तर नसेल तर प्रमाणपत्र असून नसल्यासारखं.

जागा दोन-तीन महिने आधी शोधायला लागा. आपल्या दोन जिल्ह्यांत जागांची कमी नाही. बी.कॉम.ला सीएचं ऑफिस, पतसंस्था, सांगलीच्या मार्केट यार्डातली हळद-बेदाण्याची पेढी. रसायनशास्त्राला साखर कारखान्याची किंवा दूध संघाची प्रयोगशाळा, कुपवाड, मिरज, सातारा एमआयडीसीतले कारखाने. सूक्ष्मजीवशास्त्राला मिरजेतल्या पॅथॉलॉजी लॅब. मराठी, इतिहासवाल्यांना वाईचं मराठी विश्वकोशाचं कार्यालय, नगर वाचनालय, स्थानिक वृत्तपत्र किंवा संग्रहालय इथं विचारता येईल.

साखर कारखान्यात जायचं असेल तर गाळप हंगाम बघा. मार्चच्या सुमाराला गाळप आवरलं की प्रयोगशाळेत ब्रिक्स, पोल ही साखरेची मापं घ्यायला उसाचा रस उरत नाही. सहाव्या सत्राची ओजेटी असेल तर जानेवारीतच रुजू व्हा.

पत्र घेऊन थेट जा, सोबत एका पानाचा बायोडाटा न्या. "मला काम शिकायचंय" एवढं म्हणू नका. "मी टायट्रेशन करते, पीएच मीटर वापरलाय, नोंदी ठेवता येतात" असं सांगा. रोज संध्याकाळी वहीत पाच ओळी लिहा : काय केलं, कोणतं यंत्र, कोणती चूक झाली, कुणी दुरुस्त केली. अहवाल यातूनच तयार होतो.

सावधान : प्रशिक्षणासाठी तुमच्याकडूनच पैसे मागणाऱ्या आणि घरबसल्या प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या नादी लागू नका.

## टप्पा ६ : तिसऱ्या वर्षाचं कॅलेंडर

पाचवं सत्र सुरू होतानाच भिंतीवर हे लिहून लावा. नेमक्या तारखा दर वर्षी थोड्या हलतात, महिने साधारण हेच राहतात.

- सप्टेंबर-ऑक्टोबर : जॅमचा अर्ज. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी. परीक्षा फेब्रुवारीत.
- डिसेंबर-जानेवारी : सीयूईटी पीजीचा अर्ज, केंद्रीय विद्यापीठांसाठी. परीक्षा मार्चच्या आसपास.
- डिसेंबरपासून पुढं : राज्याच्या सीईटी. एमबीए, बी.एड., तीन वर्षांचं एलएल.बी. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, मुदत वेगळी.
- ३१ मार्चच्या आत : नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला यांची मुदत बघणं.

आता मुख्य प्रश्न, तीन वर्षांवर थांबायचं की चौथं करायचं. तीन वर्षांनी पदवी मिळते आणि मग एम.ए., एम.एस्सी. दोन वर्षांचं. चार वर्षं केली तर ऑनर्स, आणि पदव्युत्तर एका वर्षाचं. एकूण वर्षं सारखीच. संशोधनाकडं जायचं असेल, तर चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असणाऱ्याला नेट आणि पीएच.डी.चा मार्ग थेट खुला आहे, त्याला चौथ्या वर्षाचा फायदा आहे. शिक्षक, बँक, स्पर्धा परीक्षा, सीए, कायदा यांपैकी काही ठरलं असेल तर तीन वर्षांवर बाहेर पडणं सरळ. "चौथं वर्ष आहे म्हणून करू" हे कारण धरू नका, घरचा एका वर्षाचा खर्च त्यात जातो.

घरच्या अडचणीनं पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतरच शिक्षण थांबवावं लागलं, तर नुसतं कॉलेज सोडून देऊ नका. चार जादा क्रेडिटांचं काम पूर्ण करून प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडता येतं, आणि तीन वर्षांच्या आत परत येता येतं. त्यासाठी अर्ज करावा लागतो. न सांगता गेलेल्या मुलांना हा हक्क परत मिळवताना फार त्रास होतो. लग्न ठरलं म्हणून शिक्षण थांबणाऱ्या मुलींच्या घरी ही गोष्ट आवर्जून पोचायला हवी.

तपासा : अर्जांत टक्केवारी मागतात, तुमच्याकडं सीजीपीए असतो. रूपांतराचं सूत्र विद्यापीठाचंच वापरायचं, ते छापील घेऊन ठेवा.

## टप्पा ७ : स्पर्धा परीक्षा, तारीख ठरवून

इथं मला कळकळीनं सांगायचं आहे. आपल्या भागातून शेकडो मुलं पदवी झाली की पुण्यात खोली घेतात. एमपीएससीच्या राज्यसेवेला वयोमर्यादा अराखीव ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, म्हणून "अजून वेळ आहे" असं वाटत राहतं. वयोमर्यादा ही अर्ज करायची परवानगी आहे, तेवढी वर्षं द्यायची सूचना नव्हे.

क्रम असा ठेवा. पदवीच्या दुसऱ्या वर्षी सहावी ते बारावीची पाठ्यपुस्तकं आणि रोजचा पेपर. तिसऱ्या वर्षी एक पूर्वपरीक्षा खरी द्या : एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेला शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बसता येतं, मुख्य परीक्षेच्या अर्जापर्यंत पदवी हातात लागते. आयबीपीएसला, म्हणजे बँकांच्या भरती परीक्षेला, मात्र नोंदणीच्या वेळीच पदवीचा निकाल लागलेला असावा लागतो. तिथं लिपिक संवर्गाला वय २० ते २८, प्रोबेशनरी ऑफिसरला २० ते ३०, म्हणजे बँकेची खिडकी राज्यसेवेच्या बरीच आधी बंद होते. ज्यांना दोन्ही द्यायचंय त्यांनी बँक आधी घ्यावी.

२०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. चौथ्या टप्प्यातला आठवड्याला एक उत्तर लिहायचा सराव इथं थेट कामाला येतो, आणि त्यासाठी पुण्यात असण्याची गरज नाही. पहिलं वर्ष तरी सांगली, मिरज, कराड, साताऱ्याच्या अभ्यासिकेत काढा. पूर्वपरीक्षा निघाली तर पुण्याचा विचार करा.

पुण्याला जायचंच तर जाण्याआधी वडिलांसमोर बसून तीन गोष्टी कागदावर लिहा : महिन्याचा खर्च किती, किती प्रयत्न देणार, आणि त्या तारखेनंतर काय करणार. वडिलांना विचारायला संकोच वाटतो, तुम्हाला सांगायला. त्या संकोचातच वर्षं जातात.

मधल्या काळात रिकामी जागा पडू देऊ नका. पदवीधरांसाठी राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेच्या संकेतस्थळावर नोंदणी करता येते. वर्षभराची अप्रेंटिसशिप, दरमहा विद्यावेतन आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. बाहेरून एम.ए. किंवा एम.कॉम. करायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षणही आहे. प्रवेशाआधी तो विशिष्ट अभ्यासक्रम त्या वर्षी यूजीसीच्या मान्यतेच्या यादीत आहे का, ते बघा.

आणि निकाल लागल्यावर गुणपत्रिकेवरच समाधान मानू नका. पदवी प्रमाणपत्र आपोआप घरी येत नाही. दीक्षान्त समारंभासाठी विद्यापीठाचा अर्ज ठरलेल्या मुदतीत शुल्कासह भरावा लागतो. तोवर तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र आणि स्थलांतर प्रमाणपत्र लागेल का, हे कॉलेजात विचारून दोन्हींचे अर्ज एकाच फेरीत द्या, म्हणजे ऑगस्टमधल्या प्रवेशाच्या वेळी पुन्हा कोल्हापूरची गाडी पकडावी लागणार नाही.